मुंढा बसला की कुर्ता बसला

या महिन्याची पत्रं ऐरोली, ठाणे, कळवा, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ अशी चहूकडून आली आहेत. पत्रागणिक अडचण वेगळी आहे, तरी निम्म्याहून अधिक पत्रांत एक वाक्य हमखास येतं : "माझ्या अंगावर काही शोभतच नाही." पत्रासोबत मापं पाठवली होती त्यांचे हिशेब मांडून पाहिले, तर अडचण बहुतेक वेळा मुंढ्यात (बाही जोडतात तो खांद्या-काखेचा गोल), आसनात (पँटचा कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) नाहीतर सीटमध्ये (नितंबांचा घेर) निघाली. म्हणून या वेळची उत्तरं टेप आणि कात्री हाताशी ठेवून वाचावीत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची आहे, ऐरोलीत आयटी कंपनीत काम करते. बाळंतपणानंतर वजन 11 किलोंनी वाढलं. एका दुकानात एल बसतो, तर दुसऱ्या दुकानातला डबल एक्सएल दंडात अडकतो. ऑनलाइन मागवलेले तीन कुर्ते परत पाठवले. परवा ट्रायल रूममध्ये रडूच आलं. कपड्यांवर महिन्याला 1500 रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. सुरुवात कुठून करू? — ऐरोली

उत्तर : एकाच दिवशी तुम्हाला एल आणि डबल एक्सएल दोन्ही लागू शकतात. तयार कपड्यांवरच्या या अक्षरांमागे सगळ्यांनी पाळावं असं एक माप आपल्याकडे नाही. प्रत्येक कंपनी एक बांधा मनात धरून मूळ नमुना कापते आणि मग तोच नमुना ठरावीक इंचांनी मोठा किंवा लहान करत जाते. त्या बांध्याच्या बाईला तिचे कपडे सहज बसतात, बाकीच्यांना कुठेतरी आवळतात नाहीतर लोंबतात. याच अडचणीवर उपाय म्हणून फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या सरकारी संस्थेने, जिचं मुंबई केंद्र आपल्या खारघरला आहे, 'इंडिया साइझ' ही मोजणी हाती घेतली. सहा शहरांतल्या 15 ते 65 वयोगटातल्या 25,000 स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची आणि त्यावरून भारतीय बांध्यांचा तक्ता बसवायचा, असं ते काम. दुकानातल्या लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तुमची सात मापं तुमच्या मोबाइलमध्ये तारखेसह असली की निम्मी मनस्तापाची खरेदी टळते.

कापडी टेप नवा घ्या. जुना टेप ताणला जातो. स्टीलच्या पट्टीवर ठेवून 12 इंच बरोबर येतात का, ते पाहा. रोज वापरता तीच ब्रा घालून आणि पातळ कपड्यावरून माप घ्या. छाती सर्वांत भरलेल्या जागी मोजायची. टेप पाठीवर खाली घसरतो आणि माप चुकतं, म्हणून आरशात बाजूनं बघून तो जमिनीला समांतर करा. कंबर म्हणजे बाजूला वाकल्यावर घडी पडते ती जागा. बेंबीवरचं पोट वेगळं मोजा, बाळंतपणानंतर कंबर आणि पोट यांत बरंच अंतर असतं. सीट पाय जुळवून सर्वांत रुंद जागी मोजा आणि खुर्चीत बसून पुन्हा मोजा. बसल्यावर ते इंच-दोन इंच वाढतं, आणि तुम्ही दिवसाचे आठ तास बसूनच असता, तेव्हा खरं माप हे दुसरं. शोल्डर पाठीमागून, खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. दंड कोपर किंचित वाकवून. शेवटी मुंढा : खांद्याच्या टोकावरून काखेखालून फिरवून पूर्ण गोल, आत दोन बोटं ठेवून. माप घेताना श्वास रोखायचा नाही आणि पोट आत ओढायचं नाही. ते माप तुम्ही दिवसभर घालून बसू शकणार नाही.

आता ऑनलाइन तक्ता. त्यात 'बॉडी मेजरमेंट' दिलंय की 'गारमेंट मेजरमेंट', हे आधी वाचा. पार्सल परत जाण्याचं नेहमीचं कारण हाच गोंधळ. तुमची छाती 40 इंच असेल तर बॉडी मेजरमेंटच्या तक्त्यात 40 बघायचं. गारमेंट मेजरमेंट म्हणजे शिवून तयार कुर्त्याचं माप, तिथे सुती किंवा रेयॉनचा, न ताणणारा कुर्ता 43 ते 44 चा हवा, सीटला मोजमापापेक्षा चार इंच जास्त. होजिअरीसारखं ताणणारं कापड असेल तर 40 चालतं. तक्त्यात कुठलं माप आहे ते लिहिलेलं नसेल, तर घरातला सर्वांत सुखाचा कुर्ता जमिनीवर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि विक्रेत्याला तेवढंच विचारा.

दुकानात अंगात घातलेल्या कुर्त्याच्या चुण्या वाचायला शिका. छातीवर आडव्या ताणलेल्या रेषा असतील तर कापड कमी आहे. काखेकडून छातीच्या टोकाकडे तिरकी रेघ जात असेल तर टक्स, म्हणजे उभारासाठी आतून शिवलेली निमुळती चीप, हवा. पाठीवर मानेखाली आडवी वळकटी येत असेल तर शोल्डरचा उतार तुमच्या खांद्याशी जुळत नाही. समोरचा कट उघडून उलटा 'व्ही' दिसत असेल तर सीट घट्ट आहे. कट दोन इंच वर घेतला तरी बराच फरक पडतो. यातली एकही चुणी तुमच्या अंगाबद्दल काही सांगत नाही, ती कटिंगबद्दल सांगते.

दंड अडकतो म्हणून दोन साइझ मोठा कुर्ता घेऊ नका. मुंढा सुटतो पण शोल्डर दंडावर उतरतो, गळा उघडा पडतो आणि सगळा कुर्ता उसना आणल्यासारखा दिसतो. शोल्डर आणि छाती बसेल तो घ्या आणि काखेत चौबगला घालून घ्या. चौबगला म्हणजे काखेच्या शिवणीत बसवलेला साडेतीन-चार इंचांचा चौकोनी तुकडा. जुन्या कटिंगच्या कुडत्यात तो असायचाच, म्हणून ते कुडते घालून वरच्या फळीवरचा डबा सहज काढता यायचा. रेडिमेडमध्ये तो गेला. त्याच रंगाचं कापड कुर्त्याच्या आतल्या दुमडीतून किंवा खिशाच्या मागून निघतं, नाहीतर ओढणीची कड चालते. हात खाली असताना तुकडा दिसत नाही.

जुने कुर्ते सोडवून मोठे करायचे असतील तर आधी उलटे करून बघा. बाजूच्या शिवणीत पाऊण-एक इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, असेल, तर प्रत्येक थरातून अर्धा इंच सोडता येतो. दोन बाजूंचे मिळून चार थर, म्हणजे एकूण दोन इंच. ओव्हरलॉकच्या अगदी कडेला शिलाई असेल तर हाती काही लागत नाही. तिथे बाजूला दोन इंचांची उभी पट्टी घालावी लागते, आणि ती मुद्दाम वेगळ्या रंगाची घातली तर छान दिसते. रेशमी आणि सॅटिनच्या कपड्यात जुन्या शिलाईची भोकं दिसतात, तो नाद सोडा.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या महिन्याचे 1500 नवीन कपड्यांवर खर्च करू नका. कपाटातले चार-पाच कुर्ते अल्टर करून घ्या आणि मागे इलॅस्टिक, पुढे पट्टी असलेली एक काळी किंवा नेव्ही पँट घ्या. दुसऱ्या महिन्यात कापड घेऊन एक कुर्ता शिवून घ्या : 44 पन्हा (कापडाची रुंदी, इंचांत), गुडघ्यापर्यंत लांबी आणि पाऊण बाही असेल तर अडीच मीटर, 36 पन्हा असेल तर तीन. सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. 42 इंचांच्या लांबीत ते सव्वा ते दोन इंच होतात, आणि नेमका नवा कुर्ता आखूड होतो. शिंप्याला 'सैल शिवा' असं सांगू नका, त्याचा सैल आणि तुमचा सैल वेगळा. सुखाचा कुर्ता नमुना म्हणून द्या आणि "मुंढा अर्धा इंच वाढवा, बाजूला एक इंच माया ठेवा" असं मापातच सांगा. खरेदी करताना एक हिशेब करा : 450 चा कुर्ता दहा धुण्यांत विटला तर एकदा घालायला 45 रुपये पडले, 900 चा साठ वेळा घातला तर 15.

जे आत्ता होत नाहीत ते कपडे रोजच्या कपाटातून काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. रोज सकाळी ते हाताला लागणं आणि रोज मनाला लागणं, दोन्ही टळेल. वर्षानं पिशवी उघडा.

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे, रंगानं सावळी आहे. घरात सगळ्या म्हणतात पिवळा, केशरी, पांढरा घालू नकोस, अजून काळी दिसशील. जांभळी नाक्याला कापड घ्यायला गेलो की आई बदामी आणि फिका गुलाबीच काढायला लावते. माझं बजेट 500 रुपये असतं. — ठाणे

उत्तर : तुझ्या आईला हे तिच्या मोठ्यांनी सांगितलं असणार, तिच्यावर रागावू नकोस, पण बदामी हा रंग तिने तुझ्यासाठी निवडू नये. कापडाचा रंग त्वचेच्या रंगाच्या जितका जवळ, तितकी चेहरा आणि कापड यांच्यामधली रेघ पुसट होते आणि सगळंच निस्तेज दिसतं. मळकट बदामी, राखाडी-गुलाबी यांचं सावळ्या रंगावर हेच होतं. हळदी, राणी, मोरपंखी, बाटली हिरवा, कुसुंबी, शुभ्र पांढरा हे रंग चेहऱ्यापासून स्पष्ट वेगळे उभे राहतात, म्हणून चेहरा उठून दिसतो. रंग उजळ दिसावा म्हणून कपडे निवडायचे, हा विचारच टाकून दे. एका क्रीमवाल्या कंपनीला 2020 साली आपल्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' लावावं लागलं. घराघरांतलं बोलणंही बदलायला हवं, आणि ते तुझ्या कपाटापासून बदलू दे.

दुकानात दिव्याखाली रंग ठरवू नकोस. पिवळा दिवा हळदीला केशरी करतो, पांढरी ट्यूब गुलाबीला जांभळट करते. दोन ठाणं घेऊन दुकानाच्या दारात उजेडात जा, एकामागून एक हनुवटीखाली धर आणि आईला विचार, "आधी काय दिसलं, कापड की माझे डोळे?" डोळे आधी दिसले तो रंग घे. 500 रुपयांत साधं रंगीत सुती कापड अडीच मीटर शोध, छापील घेऊ नकोस. एका रंगाच्या कुर्त्यावर घरातल्या तीन वेगवेगळ्या ओढण्या चालतात. घेण्याआधी पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या उलट बाजूवर जोरात घास. रुमालाला रंग लागला तर ते कापड पुढची पाच धुणी रंग सोडत राहील. मिठाच्या पाण्यात भिजवून कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा रंग पक्का होत नाही. वेगळं आणि गार पाण्यात धुणं एवढंच हातात आहे.

प्रश्न : वय 46, तुर्भ्याच्या बाजारात हिशेबाचं काम. छाती 42, पोट 45. शर्टाचं पोटावरचं बटण ताणतं म्हणून मोठा घेतला तर खांदे उतरतात. पँट दिवसभर वर ओढावी लागते. ऑफिसातले चेष्टा करतात. कमी खर्चात काही होईल का? — कळवा

उत्तर : दादा, तुमच्या छाती-पोटाच्या मापाला तयार शर्ट मिळणं अवघड आहे, कारण तयार शर्टाचं कटिंग पोट छातीपेक्षा कमी किंवा बरोबरीचं धरून केलेलं असतं. शर्ट शिवून घ्या, तयारपेक्षा तो फार महाग पडत नाही. पूर्ण बाहीला 58 पन्ह्याचं कापड 1.60 मीटर लागतं, तुम्ही 1.80 घ्या. शिंप्याला सांगायचं : खांदा आणि कॉलर 42 च्या मापाने, पोटावर 45 अधिक चार इंच, पाठीला योकखाली एक बॉक्स प्लेट, खालची कड सरळ. बाहेर काढून घालायचा असेल तर शर्टाची लांबी पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत. त्याहून लांब झाला तर पाय आखूड आणि पोट मोठं दिसतं. फार जाड कडक कापड पोटावर तंबूसारखं उभं राहतं, फार पातळ असेल तर चिकटतं. पॉपलिनच्या वजनाचं कापड बरं.

पँट घसरते, कारण ती पोटाखाली घालता. पोटाच्या उतारावर पट्टा कितीही आवळला तरी तो खालीच जाणार, आणि वर वळ उठतात. पँट बेंबीच्या जरा खाली येईल इतकं आसन वाढवून शिवा, पुढे दोन-दोन प्लेट्स, मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया. ही माया असली की वजन कमी-जास्त झालं तरी तीच पँट चालते. 58 पन्ह्याचं कापड 1.30 मीटर पुरतं. दोन गडद पँट आणि चार शर्ट, एवढ्यात तुमचा आठवडा निघेल.

एक गोष्ट कपड्यांपलीकडची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर माप असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा असं डॉक्टर सांगतात. तपासून घ्या. ते काम डॉक्टरांचं आहे, ऑफिसातल्या चेष्टेचं नाही.

प्रश्न : स्टेशनबाहेर आणि उल्हासनगरच्या बाजारात जीन्स स्वस्त मिळते, पण ट्रायल रूम नसते. दोनदा फसले. कसं बघायचं? — कोपरखैरणे

उत्तर : घरच्या बसणाऱ्या जीन्सची चार मापं लिहून न्या : कमरपट्टी सपाट, सीट सपाट, पुढचं आसन (बटणापासून दोन पायांच्या जोडापर्यंत) आणि मांडी. गळ्याभोवती पट्टी गुंडाळून कंबर ठरवण्याची युक्ती भरवशाची नाही, आणि सीट-मांडीचं तर त्यातून काहीच कळत नाही. टेप लावताना डेनिम ताणू नका. मग जीन्स उभी दुमडून पायाच्या दोन्ही शिवणी एकमेकींवर आणा. बाहेरची शिवण वळून पुढे येत असेल तर कापड तिरकं कापलंय, दोन धुण्यांनंतर पाय पिळवटेल आणि कुणीही इस्त्रीनं तो सरळ करू शकणार नाही. चेन पाचदा वर-खाली करा. खिशाच्या कोपऱ्यांवर दाट आडवा टाका आहे का बघा, तो नसेल तर तिथूनच उसवतं. लांबी जास्त असली तर हरकत नाही, मात्र धुतल्यावरच कापून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी 15 वर्षांची आहे. मे महिन्यातसुद्धा काळी जाड हुडी घालते. लग्नाला येत नाही, म्हणते मी जाडी आहे. प्रत्यक्षात ती बारीकच आहे. डबा तसाच परत येतो. तिला चांगले कपडे घेऊन दिले तर फरक पडेल का? — वाशी

उत्तर : फक्त कपड्यांनी पडणार नाही, आणि म्हणून हे उत्तर आधी वाचा आणि मग कपड्यांकडे या. बारीक मुलीला आपण जाड वाटतो, ती अन्न टाळते आणि अंग झाकते, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो खाण्याचा आजार असू शकतो. पाळी तीन महिने चुकली आहे का, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसते का, उठताना चक्कर येते का, केस गळतात का, एवढं शांतपणे बघा. यातलं काही असेल तर या आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर, आणि त्यांच्या जोडीनं मानसोपचारतज्ज्ञ. चक्कर येऊन पडली, किंवा पाणीसुद्धा टाळत असेल तर त्याच दिवशी. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून काम करते आहे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. तुम्ही पालक म्हणून स्वतःसाठीही फोन करू शकता.

घरात काय बोलू नये हे मात्र आजपासून पाळता येईल. "तू कुठे जाडी आहेस, काडी तर आहेस" हेसुद्धा नको. तिच्या कानाला त्यात पुन्हा अंगाचाच विषय ऐकू येतो. स्वतःच्या पोटाबद्दल, मावशीच्या वजनाबद्दल, शेजारणीच्या डाएटबद्दल तिच्यासमोर बोलणं थांबवा. वजनकाटा हॉलमधून उचला. ताट तिच्या समोर ठेवून पहारा देण्यापेक्षा एक वेळचं जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही आणि फोनशिवाय करा.

हुडी ओढून घेऊ नका, ती तिची ढाल आहे. फक्त जाड फ्लीसऐवजी पातळ सुती होजिअरीची, तशीच सैल, तिच्याच पसंतीची घेऊन द्या म्हणजे उन्हाळ्यात त्रास होणार नाही. घट्ट जीन्सऐवजी नाडीची सुती पँट. आरशासमोर उभं करून ट्रायल करायला लावू नका. लग्नाला आली तर तिचे कपडे तिने ठरवावेत, आणि नातेवाइकांना तुम्ही आधीच फोन करून सांगा की तिच्या दिसण्यावर कुणी काही बोलायचं नाही.

प्रश्न : शिक्षिका आहे, वय 52, उंची चार फूट दहा इंच. रोज साडी. परकराच्या नाडीचा कमरेवर काळा वळ पडलाय, खाज येते. शिवाय उंची कमी म्हणून साडी खूप आत खोचावी लागते आणि पोट मोठं दिसतं. — नेरूळ

उत्तर : वळाचं आधी. रोज त्याच जागी बारीक नाडी आवळली की त्वचा घासली जाते, घाम साचतो, आधी काळेपणा येतो आणि मग साल सुटते. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वयस्क स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या कमरेवरची वर्षानुवर्षांची घासटी जखम शेवटी त्वचेच्या कर्करोगात गेली. असं क्वचित होतं, घाबरू नका. पण चीर पडली, पाणी येऊ लागलं किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचंच. पावडर लावून झाकायचं नाही.

परकर बदलणं सोपं आहे. नेफा उसवून काढा आणि त्या जागी दोन इंच रुंद, आतून मऊ सुती कापड लावलेली पट्टी बसवा. बंद करायला एकेका इंचावर तीन हूक, म्हणजे जेवणानंतर एक हूक सैल करता येतो. तेवढाच भार रुंद पट्टीवर पसरतो आणि वळ उठत नाही. घरी आल्याबरोबर परकर बदला, आणि रोज एकाच उंचीवर बांधू नका, बोटभर वर-खाली करा. मासळीच्या आकाराचे घट्ट ताणणारे परकर हल्ली खूप खपतात. आपल्याकडच्या दमट हवेत दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या बाईला मी ते सुचवणार नाही. घाम आतच राहतो, आणि लोकलच्या पायरीवर पाय उचलला की शिवण जाते.

खोचण्याचं गणित असं : साडी जिथे नेसता तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा 37 इंच भरले आणि साडीचा पन्हा 46 आहे, तर नऊ इंच आत जायचेच. ते सगळे पोटावर गोळा झाले की फुगवटा येतो. म्हणून नेसण्याआधी साडीची वरची कड चार इंच आत दुमडून, निऱ्या येतात तो भाग सोडून, इस्त्री करून घ्या. मग निऱ्या सोडून बाकीच्या घेरात खोचायला पाच इंचच राहतात. निऱ्या सात-आठ अरुंद घालण्यापेक्षा पाच घाला, प्रत्येकी सहा इंचांच्या, आणि बेंबीच्या किंचित डावीकडे खोचा. थर कमी, फुगवटा कमी. साडी घेताना पन्हाही मोजा, हातमागाच्या साड्यांत 44 पासून 48 पर्यंत फरक सापडतो आणि तुमच्यासाठी दोन इंच म्हणजे पुष्कळ. मोठ्या काठाबद्दल उगाच भीती आहे. काठ चार इंचांपर्यंत असेल तर कमी उंचीवर चांगला दिसतो, सहा-सातच्या पुढे मात्र निम्मी साडी काठच वाटते. परकराची लांबी साडीपेक्षा इंचभर कमी ठेवा. तयार परकर 38-40 इंचांचे येतात, ते खालून कापून घ्या, वरून दुमडू नका.

प्रश्न : ठाण्याहून रबाळ्याला लोकलनं जाते. पावसात भिजले की कुर्ता अंगाला चिकटतो, दिवसभर लाजल्यासारखं होतं. कपड्यांना कुबट वासही येतो. — ठाणे

उत्तर : पावसाळ्यात रेयॉन कपाटात ठेवा. ओला झाला की तो जड होतो, चिकटतो, आणि त्याची ताकदही कमी होते, म्हणून काखेत उसवतो. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचा, मध्यम ते गडद रंगाचा, दाट बारीक छपाईचा कुर्ता घ्या. छपाईमुळे चिकटलेलं कापड नजरेत भरत नाही. आत त्वचेच्या रंगाची पातळ स्लिप घाला. पांढरी स्लिप ओल्या कपड्यातून जास्त दिसते. पँट घोट्याच्या दोन इंच वर, लेगिंग पांढरी नको. बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत एक सुती ओढणी आणि कुर्ता कायम ठेवा.

कुबट वास हा कपडा तासन्‌तास ओला राहिल्यामुळे वाढणाऱ्या जिवाणूंचा. मशिनचा स्पिन दोनदा लावा, कपडे चार बोटं अंतर सोडून टांगा आणि खाली टेबलफॅन लावा. काख आणि नेफा हाताला गार लागला तर तो कपडा अजून वाळलेला नाही, घडी करू नका. रेयॉनचा कुर्ता भिजलाच तर पिळू नका, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून वाळवा. टांगला तर पाण्याच्या वजनानं लांबीला इंचभर ओघळतो.